ऑगस्टचा आकडा

उत्तर मलावीतल्या आमच्या म्झुझूच्या इस्पितळात दर सप्टेंबरात नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. नोव्हेंबरात लिलाँग्वेला बालरोगाची परिषद आहे, ज्या शिकाऊ डॉक्टरांना पेपर वाचायचा असेल त्यांनी डॉ. हरावांना भेटावं, एवढाच मजकूर. तो वाचून पोरं काय काय करतात ते मी सव्वीस वर्षं बघते आहे. एखादा असा वळसा घालून जातो की जणू बोर्डालाच गोवर आलाय. एखादी लगेच विचारते, प्रमाणपत्र मिळतं का, कारण तिला परदेशी अर्ज करायचा असतो. बाकीचे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच गावी असतात.

मी नवजात बाळांच्या वॉर्डची मुख्य नर्स. सगळे मला न्यागोंद्वे म्हणतात. डॉक्टर पोरं सिस्टर म्हणतात, आणि काही हवं असलं की आई.

त्या वर्षी आमच्याकडं तिघं शिकायला होती. लुसुंगु होता, त्याला कशाचंच ओझं वाटायचं नाही. वाटिपासो होता, कामाला वाघ, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मान खाली. आणि तावोंगा कायिरा. काटकुळी, शांत पोर. बाप रुंफीकडं शाळामास्तर. तिची एक सवय होती. काही खटकलं की ती बोलायची नाही, मोजायला लागायची.

एप्रिलात, आमच्याकडं थंडी सुरू होते तेव्हा, तिला खटकलं ते असं. आमची बाळंतपणाची खोली एकीकडं आणि माझा वॉर्ड दुसरीकडं, मध्ये उघडा व्हरांडा. अशक्त बाळ जन्मलं की परिचारिका त्याला चितेंज्यात, बायका कमरेला गुंडाळतात त्या सुती कापडात, गुंडाळून झपाझप घेऊन येते. तावोंगा दारातच थर्मामीटर घेऊन उभी राहायला लागली. महिनाभर तिनं प्रत्येक बाळ मोजलं आणि मे सुरू झाल्यावर कागद घेऊन माझ्याकडं आली.

"सिस्टर, गेल्या महिन्यात चाळीस बाळं आली. त्यातली सत्तावीस गार होती."

"थंडी पडायला लागलीय."

"थंडी बाहेर पडलीय. बाळाला का वाजावी?"

मला राग आला, खरं सांगते. काल आलेली पोर मला बाळ गुंडाळायला शिकवणार. पण रात्री घरी गेल्यावर तो सत्तावीसचा आकडा काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मीच तिला म्हटलं, काय करायचं सांग.

तिनं काही मोठं सांगितलं नाही. बाळ जन्मलं की पुसून कोरडं करायचं, डोक्यावर लोकरीचं टोपडं घालायचं, आणि आई ठीक असेल तर तिच्या उघड्या छातीशी लावून, दोघांना एकाच ढकलगाडीवर आणायचं. कोऱ्या कागदावर चार ओळींत मावेल एवढंच. मी माझ्या चर्चच्या बायकांकडून तीस टोपडी विणून घेतली. जूनमध्ये एकोणचाळीस बाळांतली पंधरा गार निघाली. जुलैत नऊ. भर थंडीत नऊ. मी आमच्या विभागप्रमुखांना, डॉ. हरावांना, सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद दोनदा वाचला. ते कमी बोलतात. म्हणाले, "हं." त्यांच्याकडून तेवढं मिळालं तरी पुष्कळ.

सप्टेंबरात बोर्डावर कागद लागला, तेव्हा त्यांनी चहाच्या वेळी सरळ तावोंगालाच विचारलं, "तू पाठवते आहेस ना?"

ती मंदासीचा तळलेला गोड गोळा खात होती, तिला ठसकाच लागला. "सर, ते काही संशोधन नाही. आम्ही टोपडी घातली."

"बघ," एवढंच म्हणून ते उठून गेले.

ते गेल्यावर लुसुंगुनं पाय पसरले. "परिषद म्हणजे टायवाल्यांचं लग्न असतं, बाई. आपण जायचं, जेवायचं, फुकटची पिशवी घ्यायची आणि यायचं. बोहल्यावर कशाला चढतेस?"

"तू गेलायस कधी?" मी विचारलं.

"जेवायला दोनदा. वाटिपासोला विचारा, तो बोहल्यावर चढला होता."

वाटिपासो कपात बघत राहिला. मग हळूहळू बोलला. मागच्या वर्षी, आधीच्या इस्पितळात असताना, त्यानं मलेरियाच्या पोरांवर पेपर वाचला होता. दहा मिनिटं बोलायचं होतं. संपल्यावर ब्लँटायरच्या एका प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं, "तरुण मित्रा, हे आकडे तू मोजलेस, की कोणाकडून ऐकलेस?" सभागृह हसलं.

"मी मोजले होते," वाटिपासो म्हणाला. "पण त्या क्षणी मला तेही आठवेना. जेवणाच्या सुट्टीत मी संडासात जाऊन उभा राहिलो. सगळे जेवून होईपर्यंत."

लुसुंगुनं पसरलेले पाय आत घेतले. तावोंगानं उरलेली मंदासी कागदात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी मला वाटलं, झालं, हीही आता पुढच्या वर्षी बघू म्हणणार.

आठवड्यानं सरोवराकाठच्या एका आरोग्य केंद्रातून रुग्णवाहिका आली. अडीच तासांचा घाटाचा रस्ता. आत एका आईच्या मांडीवर तिची मुलगी होती, आदल्या दिवशी जन्मलेली, दीड किलोची. ओलसर चितेंज्यात गुंडाळलेली, डोकं उघडं. तावोंगानं थर्मामीटर लावलं आणि मला दाखवलं. तेहतीस अंशांच्या थोडं वर, हवं साडेछत्तीस. इतकं गार बाळ मी फार क्वचित हातात घेतलंय. आम्ही तिला आईच्या छातीशी लावलं, ऊब दिली, साखरेचं पाणी चढवलं, जे जे करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. निव्वळ गारठ्यानं गेली असं मी म्हणणार नाही, अंगात जंतू पण होते. पण गारठ्यानं तिच्यात झुंजायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्या केंद्राचा मेडिकल असिस्टंट, सिमवाका त्याचं नाव, पुढच्या फेरीला रुग्णवाहिकेबरोबर आला. पन्नाशीचा, एकटा माणूस सगळं केंद्र सांभाळतो. मुलीचं काय झालं ते विचारायला तो वॉर्डात आला. तावोंगानं त्याला सांगितलं, आणि बाळ कसं आणायला हवं होतं तेही सांगितलं. अगदी हळू, दोष न देता. त्यानं लक्ष देऊन ऐकलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, डॉक्टर?"

"जूनपासून करतोय आम्ही."

"जून." त्यानं बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखा थांबला. "मग आम्हाला का नाही सांगितलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो टोपी घालून निघून गेला. संध्याकाळी तावोंगा डॉ. हरावांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, मी पाठवते." तारीख संपायला आठवडा उरला होता.

आता माझी पाळी आली.

तिनं जमवलेले आकडे एका तक्त्यात मांडले आणि मला बघायला दिले. मे सोडून दिला होता, तेव्हा आमची नुसती तयारी चालली होती. एप्रिल सत्तावीस, जून पंधरा, जुलै नऊ. ऑगस्ट चोवीस. आणि ऑगस्टपुढं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: या महिन्यात टोपडी कपाटात कुलूपबंद होती.

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. अक्षरं तीच होती.

कुलूप मी लावलं होतं. जुलैअखेर मी टोपडी मोजली तर तिसांतली अकरा उरलेली. आया घरी जाताना नेत होत्या. सामानाची तपासणी ऑगस्टात होती, तपासनीस मला विचारणार होता, म्हणून मी उरलेली टोपडी कपाटात टाकली आणि किल्ली खिशात. महिन्याअखेरीस तावोंगानं आकडा दाखवला तेव्हा मीच कपाट उघडलं. आमच्या दोघींत ते मिटलं होतं, असं मला वाटत होतं.

"तू माझं कुलूप लिलाँग्वेला नेऊन दाखवणार?" मी म्हटलं.

"सिस्टर, तुमचं नाव कुठं आहे त्यात?"

"या वॉर्डाची किल्ली कोणाकडं असते ते अख्ख्या उत्तर प्रांताला ठाऊक आहे."

लुसुंगु तिथंच फाईली चाळत होता. "ऑगस्ट गाळून टाक ना," तो म्हणाला. "एप्रिल, जून, जुलै. सुंदर उतार दिसतो. मे गाळलासच, एक महिना आणखी गेला तर कोण विचारतंय?"

तावोंगानं लगेच नाही म्हटलं नाही. तिनं ऑगस्टच्या रकान्यावर अंगठा ठेवला आणि उरलेलं बघितलं. खरंच सुंदर दिसत होतं. मीही बघितलं. मग तिनं अंगठा उचलला.

"ऑगस्ट गाळला तर सिमवाका टोपडी विणून घेईल," ती म्हणाली, "आणि दोन महिन्यांनी तोही कपाटाला कुलूप लावेल. त्याला कळणारच नाही आपलं कुठं चुकलं."

मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. वॉर्डात सगळ्यांना ते कळलं. कनिष्ठ नर्सा माझ्या पुढून चोरपावलांनी जायच्या. तिसऱ्या दिवशी मी एका आईला घरी पाठवत होते. कोवळी पोर, पहिलं बाळ. तिनं टोपडं काढून घडी करून माझ्या हातात ठेवलं. "सिस्टर, तुमचं." बाळानं डोकं उघडं पडताच तोंड वाकडं केलं. बाहेर वारा सुटला होता. मी ते टोपडं पुन्हा त्याच्या डोक्यावर चढवलं आणि म्हटलं, "ने घरी." मग सरळ तावोंगाकडं गेले.

"लिही ऑगस्ट. पण कुलूप का लावलं तेही लिही. आणि हेही लिही की टोपडं बाळाबरोबर घरीच जायला हवं. आम्ही चर्चच्या बायका दर महिन्याला विणू. ते वापरून परत घ्यायचं सामान नाही, ते औषध आहे. औषध कोणी परत मागत नाही."

तिनं ते शेवटचं वाक्य माझ्यासमोरच लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं नाव माझ्या नावाखाली घालते. लिलाँग्वेला यावं लागेल."

"मी तिथं काय करू?"

"मला भीती वाटली की तुमच्याकडं बघीन."

ऑक्टोबरभर आम्ही तिच्याकडून सराव करून घेतला. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा ऐकवेना. इंग्रजीत शिरली की तिची मान ताठ व्हायची आणि वाक्यं सरकारी पत्रासारखी यायची. डॉ. हरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यातलं मला काही कळलं नाही." तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "पोरी, तू आयांना सांगतेस तसं सांग." दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डातल्या सात आयांना एकत्र बसवलं आणि तिला आमच्या तुंबुका भाषेत बोलायला लावलं. ती बोलली, हातवारे करून, बाहुलीला टोपडं घालून. आया हसल्या, एकीनं मध्येच विचारलं, आणि जुळं झालं तर दोघं एकाच छातीशी का? तावोंगानं बाहुली खाली ठेवली. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "करून बघू, मोजू, मग सांगीन."

वाटिपासो दारात उभा राहून ऐकत होता. "असं म्हणता येतं?" त्यानं मला हळूच विचारलं. "मला माहीत नाही, असं?"

"आम्ही नर्सा रोज म्हणतो," मी म्हटलं.

परिषदेला तिघंही आली. लुसुंगु जेवायला, असं तोच म्हणाला. वाटिपासो का आला ते त्यानं सांगितलं नाही. तावोंगाचा पेपर दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या आधीचा शेवटचा. हॉलमध्ये थंड हवेचं यंत्र चालू होतं, माणसं घड्याळाकडं बघत होती, आणि मागच्या दारातून भाजलेल्या कोंबडीचा वास येत होता. तिसऱ्या रांगेत ब्लँटायरचे ते प्राध्यापक बसले होते. वाटिपासोनं मला कोपरानं खुणावून दाखवलं आणि मग स्वतःचे हात मांडीखाली धरून बसला.

ती उभी राहिली. पहिलं वाक्य कापत आलं. दुसरं वाक्य तिनं बदललं. कागदावर नव्हतंच ते. "सप्टेंबरात आमच्याकडं एक मुलगी आली," ती म्हणाली, "आणि ती गेल्यावर तिला पाठवणाऱ्या माणसानं मला एक प्रश्न विचारला." तिथून तिचा आवाज वॉर्डातल्यासारखा झाला. आकडे सांगितले. ऑगस्ट सांगितला. नऊ मिनिटांत संपवलं.

प्राध्यापक उभे राहिले. शेजारी वाटिपासोनं मान खाली घातली.

"बाळं गार येण्याचं प्रमाण घटलं. मृत्यू घटले का?"

"थोडे घटले, सर. पण आकडा इतका लहान आहे की श्रेय टोपड्यांना देणं बरोबर होणार नाही. ते मला अजून माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं. आणि ऑगस्ट? कुलूप म्हणजे काय? ही व्यवस्थापनाची चूक झाली. तिला संशोधनात जागा कशी?"

तावोंगानं माझ्याकडं बघितलं. मदत मागितली नव्हती तिनं, नुसतं बघितलं होतं. पण माझे पाय आपोआप उभे राहिले, आणि कोणीतरी माझ्या हातात माईक दिला.

"कुलूप मी लावलं," मी म्हटलं. माझं इंग्रजी साधं आहे, पण वाकडं नाही. "टोपडी कमी होत होती आणि तपासनीस यायचा होता. मला बाळापेक्षा यादी मोठी वाटली. त्या महिन्यात चोवीस बाळं गार आली. डॉक्टरनं ते गाळलं असतं तर तुम्हाला उतार सुंदर दिसला असता. पण घरी जाऊन तुमच्या सिस्टरनंही कुलूपच लावलं असतं."

 मला वाटलं, आता हसतील. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. कारोंग्याची नर्स होती, मी तिला ओळखतही नव्हते. "आमच्याकडं ऑक्सिजनच्या लहान नळ्या कुलपात आहेत," ती म्हणाली. "चोरीला जातात म्हणून. मागच्या महिन्यात किल्ली सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली." मग हसू आलं, पण ते आमच्यावर नव्हतं. कासुंगूच्या एका तरुण डॉक्टरनं हात वर केला. मग आणखी दोघांनी. कोणाच्या कपाटात काय आहे हे सांगायला माणसं माईकसाठी रांग लावायला लागली. अध्यक्षबाई म्हणाल्या, जेवण पंधरा मिनिटं थांबेल, आणि कोणी कुरकुर केली नाही. लुसुंगुनंही नाही.

प्राध्यापक बसले होते, वहीत लिहीत. जेवताना ते ताट घेऊन आमच्या टेबलाशी आले. वाटिपासोचा घास तोंडापाशीच थांबला. ते तावोंगाला म्हणाले, "तुझा तक्ता मला पाठव, ऑगस्टसकट." मग वाटिपासोकडं वळले. "तू मागच्या वर्षी मलेरियावर बोलला होतास ना? पुढं काय झालं त्याचं?"

वाटिपासोनं घास ताटात ठेवला. मला वाटलं हा आता उठून जातो. पण तो म्हणाला, "ते आकडे मी मोजले होते, सर."

"मग तसं म्हणायचं होतंस," प्राध्यापक म्हणाले. मग त्यांनी जोडलं, "मीही विचारायला नको होतं तसं." त्यांनी मक्याच्या न्सिमाचा गोळा मोडला आणि तिथंच बसून वाटिपासोला मलेरियाबद्दल विचारत राहिले. वाटिपासो बोलला. ताट गार झालं तरी बोलत होता.

तावोंगाला बक्षीस मिळालं नाही. ते हृदयाच्या शस्त्रक्रियेवरच्या एका पेपरला गेलं, आणि तो चांगलाही होता. पण डिसेंबरात जिल्हा कार्यालयानं आमच्या चार ओळी छापून सगळ्या आरोग्य केंद्रांना धाडल्या. जानेवारीत सरोवराकाठून एक बाळ आलं, आईच्या छातीशी बांधलेलं, अंग कोमट. सिमवाकानं सोबतच्या चिठ्ठीत निघतानाचं तापमान लिहिलं होतं आणि वाटेत दोनदा मोजल्याचंही. ते बाळ सोळा दिवसांनी घरी गेलं.

तावोंगा आता कारोंग्याला आहे. महिन्यातून एकदा फोन करते, आणि आधी ती काय मोजते आहे ते सांगते, तब्येत वगैरे नंतर. वाटिपासोनं पुढच्या वर्षी पेपर वाचला आणि मध्ये एकदा अडखळला, पण पूर्ण केला. लुसुंगु अजूनही म्हणतो की तो जेवायलाच जातो. फक्त यंदा त्यानं मला गुपचूप विचारलं, जुळ्यांचे आकडे कोणी लिहून ठेवलेत का.

लिहून ठेवलेत. मीच. दीड वर्षात एकवीस जुळी, दोन्ही बाळं एकाच आईच्या छातीशी, प्रत्येकाचं तापमान वेगळं टिपलेलं. मी त्याला ते दिले नाहीत. ब्लँटायरला जुलैत नर्सांची परिषद आहे, तिथं मीच अर्ज धाडलाय. डॉ. हरावांनी माझा मसुदा वाचून म्हटलं, "हं." उत्तर अजून यायचंय.